मुंबईचा टाऊन हॉल (एशियाटिक): इतिहास, बांधकाम आणि बघायला जाणाऱ्यांसाठी माहिती

कोटाबाहेरचा (धागालेखक)

टाऊन हॉल म्हटलं की नगरपालिकेची कचेरी डोळ्यासमोर येते. मुंबईत तसं कधीच नव्हतं. पालिकेची इमारत बोरीबंदरासमोर, फ्रेडरिक स्टीव्हन्सने आखलेली, १८९३ साली पुरी झालेली. टाऊन हॉल त्याच्या साठ वर्षं आधीचा आणि त्याचं काम वेगळं: सभा, समारंभ, सरकारी कचेऱ्या आणि वरच्या मजल्यावर विद्वानांची एक संस्था तिच्या पुस्तकांसह. आज लोक त्याला 'एशियाटिकच्या पायऱ्या' म्हणून ओळखतात. इमारतीबद्दल तुटक माहिती बरीच फिरते, ती एका धाग्यात असावी म्हणून हा प्रपंच.

सुरुवात इमारतीपासून नाही, संस्थेपासून आहे. सर जेम्स मॅकिंटॉश हा मुंबईचा रेकॉर्डर, म्हणजे इथला मुख्य न्यायाधीश. त्याने २६ नोव्हेंबर १८०४ रोजी परळच्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये 'लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे' काढली. शहराला सभागृह, ग्रंथालय, संग्रहालय असं सगळं एका छताखाली हवं, हा प्रस्ताव १८११चा. पैसे लॉटरी काढून जमवायचे ठरले. त्या काळी सार्वजनिक कामांसाठी ही रूढ पद्धत होती, कलकत्ता-मद्रासकडेही असंच चालायचं. पण लॉटरीचा पैसा पुरेना, काम रखडायचं, पुन्हा सुरू व्हायचं. शेवटी सरकारने तूट भरून दिली आणि बदल्यात कचेऱ्यांसाठी जागा घेतली. तळमजल्यावर सरकार आणि वर सोसायटी ही विभागणी तिथून आली.

आराखडा बॉम्बे इंजिनिअर्सच्या कर्नल थॉमस कूपरचा. काम १८२१च्या सुमारास लागलं, १८२५ साली कूपर वारला, आणि इमारत खुली झाली १८३३ला. प्रस्तावापासून बावीस वर्षं! खर्च साधारण ६० हजार पौंड, त्यातला मोठा वाटा ईस्ट इंडिया कंपनीचा. दरम्यान सोसायटी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली होती. स्वातंत्र्यानंतर तिचं नाव एशियाटिक सोसायटी ऑफ बॉम्बे झालं, आणि शेवटी मुंबई.

जागाही लक्षात घ्या. समोर आज हॉर्निमन सर्कलची बाग आहे तिथे तेव्हा बॉम्बे ग्रीन, म्हणजे कोटातलं मोकळं मैदान. कापसाच्या गासड्या तिथेच रचून ठेवत. गोल बाग आणि भोवतालच्या कमानदार इमारती १८६०-७०च्या दशकांतल्या, म्हणजे टाऊन हॉलला धाकट्या. तिचं आधीचं नाव एल्फिन्स्टन सर्कल. टाऊन हॉलच्या शेजारी टांकसाळ आहे, तीही १८२०च्या दशकातली आणि खांबांच्याच थाटाची. १ नोव्हेंबर १८५८ला राणीचा जाहीरनामा मुंबईत वाचला गेला तो याच पायऱ्यांवरून.

बांधकामातल्या जाणकारांनी भर घालावी.

---

चुनखडी

चांगला धागा. खांबांकडे वळतो, कारण सगळी इमारत खांबांतच आहे.

पायऱ्या ३०. त्या चढून गेल्यावर आठ खांबांची डोरिक पडवी. आठ हा आकडा मुद्दाम निवडलेला, अथेन्सच्या पार्थेनॉनच्या दर्शनी बाजूलाही आठच आहेत. ग्रीक डोरिक ओळखायचं कसं? खांबाला वेगळी बैठक नसते, तो थेट जोत्यावर उभा राहतो. अंगावर उभ्या खोबणी असतात, दोन खोबणींमधली कड धारदार. डोक्यावर उशीसारखा गोल भाग आणि त्यावर चौकोनी फळी. कोरीव पानं-वेली काही नाहीत. त्यामुळे प्रमाण चुकलं तर झाकायला जागा नसते.

खांब इंग्लंडहून जहाजाने आले. कूपरच्या आराखड्यात ते जोडीजोडीने होते, पण आल्यावर इतके अवाढव्य निघाले की जोड्या सोडून एकेकच उभा केला आणि उरलेले भायखळ्याच्या क्राइस्ट चर्चला गेले, असं स्थापत्यावर लिहिणारे सांगतात. ते चर्चही १८३३चंच. दोन्ही ठिकाणं एका दिवसात होतात, जरूर ताडून बघा.

आता खरी गंमत. बाहेर डोरिक, वरच्या मोठ्या दालनात कोरिंथियन (अकँथसची पानं असलेली), आणि तळमजल्यावर जुन्या मेडिकल बोर्डाच्या दालनात चार आयोनिक खांब (माथ्याला दोन्हीकडे गुंडाळीसारख्या वळ्या असलेले). म्हणजे ग्रीकांच्या तिन्ही शैली एका इमारतीत. ते आयोनिक खांब अथेन्समधल्या इलिसस नदीकाठच्या एका छोट्या देवळावरून घेतलेले. आणि ते देऊळ तुर्कांनी १७७८लाच पाडलं होतं! स्टुअर्ट आणि रेव्हेट या दोघा इंग्रजांनी अठराव्या शतकाच्या मध्यात अथेन्सला जाऊन त्याची मापं घेऊन चित्रं छापली म्हणून ते कागदावर उरलं. जागेवर नसलेल्या देवळाचे खांब मुंबईत उभे राहिले, तेही सरकारी कचेरीत.

---

शंकासूर

लांबी नक्की किती? कुठे २०० फूट वाचतो, कुठे २६०.

---

चुनखडी

दोन्ही छापील आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या प्रवासी मार्गदर्शकांत दर्शनी बाजू २६० फूट आणि वरचं दालन १०० फूट चौरस असं दिलंय. अलीकडच्या लिखाणात लांबी २०० आणि उंची १०० फूट येते. वाद घालण्यापेक्षा उपग्रह नकाशावर मोजपट्टी लावा, दोन मिनिटांचं काम. फक्त छताची कड मोजताय की जोत्याची, ते ठरवून मोजा. पायऱ्या धरू नका.

---

पानोपानी

इतिहासात थोडी भर. या दालनांत काय काय चाललंय याची यादी केली तर मुंबईच्या अर्ध्या संस्थांचा पाळणा इथे हलला म्हणावं लागेल. एल्फिन्स्टन कॉलेजचे सुरुवातीचे वर्ग १८३५-३६च्या सुमारास इथे भरले. १८५७ला विद्यापीठ निघालं, त्याचं सुरुवातीचं कामकाज इथूनच. राजाबाई टॉवर वगैरे नंतरची गोष्ट.

सोसायटी मात्र सुरुवातीला निव्वळ गोऱ्यांची. पहिले हिंदी सभासद माणकजी करसेटजी, १८४० साली, तेही सहजासहजी नाही. पुढे चित्र बदललं. डॉ. भाऊ दाजी लाड, पं. भगवानलाल इंद्रजी, रा. गो. भांडारकर, आणि विसाव्या शतकात पां. वा. काणे. काण्यांच्या धर्मशास्त्रावरच्या कामामागे हे ग्रंथालय आहे. १९६३ला त्यांना भारतरत्न मिळालं. दुर्गाबाई भागवतांची तर ही रोजची बसायची जागा, आणि आणीबाणीत त्यांना अटक झाली तीही इथूनच.

पुतळे बघताना शिल्पकार लक्षात ठेवा. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, सर जॉन माल्कम आणि सर चार्ल्स फोर्ब्स, हे तिन्ही फ्रान्सिस चँट्रीचे. जमशेटजी जीजीभॉय मारोचेटीचा. नाना शंकरशेटही आहेत. संगमरवरात अंगरखा आणि पगडी कशी बसवलीय ते जवळ जाऊन बघा. इंग्रज गव्हर्नरांच्या पुतळ्यांवर झगे आणि चुण्या शिल्पकाराच्या हातातल्याच होत्या, पगडीसाठी त्याला डोकं चालवावं लागलं.

---

शंकासूर

दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'च्या हस्तलिखिताचं काय? इटलीच्या मुसोलिनीने त्यासाठी दहा लाख पौंड देऊ केले होते म्हणे.

---

पानोपानी

'म्हणे' बरोबर लावलंत. हस्तलिखित आहे, एल्फिन्स्टनने दिलेलं आहे, आणि मुसोलिनीची कथा प्रत्येक लेखात असते. वर्तमानपत्रांना ते आवडतं म्हणून बाकीचं झाकोळतं याचा मला राग येतो.

माझ्या मते या वास्तूतली सगळ्यात मोलाची वस्तू नालासोपाऱ्याची आहे. एप्रिल १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथला 'बुरुड राजाचा कोट' नावाचा उंचवटा खणला, तो निघाला स्तूप. पोटात विटांची कोठी, कोठीत दगडी पेटी. पेटीत मधोमध तांब्याचा करंडा आणि भोवती आठ लहान धातूच्या बुद्धमूर्ती. तांब्याच्या करंड्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा. सोन्याच्या करंड्यात मातीच्या भांड्याच्या खापऱ्या, बुद्धाच्या भिक्षापात्राच्या म्हणून जपलेल्या. सोबत सोन्याची फुलं आणि यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचं चांदीचं नाणं. हे नाणं महत्त्वाचं, कारण पेटीचा काळ ठरवायला त्याचा आधार होतो. आठव्या मूर्तीत मैत्रेय आहे, म्हणजे होऊन गेलेले सात बुद्ध आणि येणारा एक.

हा ठेवा एशियाटिककडे आहे. तो कायम मांडलेला नसतो, आधी विचारून जा.

---

रंकाळाकाठ

कोल्हापूरच्या टाऊन हॉलचा उल्लेख झालाच पाहिजे 🙂 १८७२-७६, आराखडा चार्ल्स मँटचा, तोच ज्याने नंतर नवा राजवाडा आखला. मुंबईचा ग्रीक, आमचा गॉथिक: काळा दगड, टोकदार कमानी, उतरतं छप्पर, मनोरे. आता तिथे वस्तुसंग्रहालय आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची रोमन कांस्यमूर्ती तिथलीच. चाळीस-पन्नास वर्षांत इंग्रजांची आवड कशी पालटली ते या दोन इमारतींत दिसतं.

हवामानाच्या बाबतीत कोणती बरी?

---

चुनखडी

उतरत्या छपराला पाऊस सोपा जातो हे उघड आहे. पण टाऊन हॉलचा आराखडाही हवेचा विचार न करता केलेला नाही. दर्शनी बाजू पश्चिमेला. दुपारनंतरचं ऊन आणि नैऋत्येचा पाऊस दोन्ही समोरून येतात, ते खोल पडवी अंगावर घेते. मुख्य मजला उंच जोत्यावर, खाली तळमजला, त्यामुळे जमिनीची ओल पुस्तकांपर्यंत थेट येत नाही. खिडक्यांना लाकडी झिलमिल्या, वर छत उंच. ग्रीक मुखवटा आणि आतून मुंबईचं घर म्हणा.

समुद्रकाठच्या चुना-विटांच्या जुन्या इमारतींचं दुखणं मात्र ठरलेलं असतं, ते सविस्तर लिहितो, कारण वाडे-बंगले असलेल्यांनाही उपयोगी आहे.

पहिलं दुखणं लोणा. हवेतलं मीठ आणि जमिनीतले क्षार पाण्याबरोबर भिंतीत शिरतात, पाणी उडतं, क्षार पृष्ठभागाशी स्फटिक होऊन फुगतात आणि गिलावा भुसभुशीत होऊन पडतो. चुन्याचा गिलावा श्वास घेतो, त्यामुळे तो स्वतः झिजतो पण भिंत वाचवतो. लोक घाबरून त्यावर सिमेंट मारतात. मग पाणी बाहेर पडायला वाट उरत नाही, क्षार सिमेंटच्या मागे साचतात, आणि दोन-तीन पावसाळ्यांत सिमेंटचा पापुद्रा विटेचं तोंड घेऊनच सुटतो. प्लॅस्टिक पेंटने तेच होतं, फक्त फोड आधी दिसतात.

उपाय क्रमाने. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा: तुंबलेली पन्हळ, कार्निसवरची भेग, फुटलेला नळ. ते बंद केल्याशिवाय भिंतीला हात लावू नका. मग सिमेंट हलक्या हाताने, छिन्नीने काढा, ब्रेकर नको. भिंत एक कोरडा हंगाम उघडी ठेवा. क्षार कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलंत तर ते पुन्हा आत जातात. फार असतील तर कागदाचा लगदा शुद्ध पाण्यात भिजवून भिंतीवर थापा, वाळला की क्षार घेऊन सुटतो, दोन-तीन वेळा करा. मग गिलावा: मुरवलेला चुना १ भाग, स्वच्छ चाळलेली नदीची वाळू अडीच ते ३ भाग. ओलीच्या जागी वाळूतला थोडा भाग कमी करून सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घाला. थर १० ते १२ मिलिमीटरपेक्षा जाड नको, एक घट्ट झाल्यावरच दुसरा. गोणपाट लावून किमान आठवडाभर ओलसर ठेवा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो, उन्हात झटपट वाळवलात तर भुकटी होते. शेवटी पातळ चुन्याचे तीन-चार हात.

दुसरं दुखणं लाकूड. वरच्या मजल्यांच्या जमिनी लाकडी, आणि तुळईचं भिंतीत गेलेलं टोक हा सगळ्यात नाजूक भाग. मधली तुळई खणखणीत आणि टोक पोखरलेलं, हे नेहमीचं. तपासायला टोच्या किंवा स्क्रू ड्रायव्हर घ्या, भिंतीपासूनच्या पहिल्या वीतभर भागात टोचा. सहज आत गेला, तर ते टोक कापून नवा सागवानी तुकडा बोल्टने जोडावा लागतो. परत बसवताना बाजूंनी बोटभर फट हवेला ठेवा. गवंडी हौसेने ती फट सिमेंटने भरून टाकतो. तिथे उभं राहूनच काम करून घ्यावं लागतं.

तिसरं पिंपळ. रोप उपटून काही होत नाही, मूळ सांध्यात राहतं. बुंधा कापून ताज्या कापावर लगेच तणनाशक लावायचं, मूळ मेल्यावर सांधा चुन्याने भरायचा.

आणि एक लक्षात असू द्या: टाऊन हॉल ग्रेड एक वारसा वास्तू आहे, १९९५च्या नियमावलीनुसार. तिथे खिडकीची बिजागरी बदलायलाही परवानगीचा विचार आधी करावा लागतो. ग्रेड दोन-तीनच्या घरमालकांनीही काम काढण्याआधी पालिकेत चौकशी करावी.

---

पानोपानी

+१. हेच पुस्तकांना लागू. कागदाला ओलीपेक्षाही ओलीतला चढउतार मारतो. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के आदर्श, ६५च्या वर सतत राहिली की बुरशी. मुंबईत जुलैमध्ये ८०च्या पुढे असते, मग लोक एसी लावतात, आणि संध्याकाळी बंद करून घरी जातात. रात्रभर ओल परत शिरते, थंड पडलेल्या बांधणीवर दव धरतं. असा एसी नसलेला बरा, पंखे आणि मोकळी हवा पुरते. कपाट भिंतीला चिकटवू नका, चार बोटं पुढे ठेवा.

कसर किंवा वाळवी लागलेलं पुस्तक जाड पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवतात. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडायची नाही, नाहीतर पानांवर पाणी सुटतं. घरच्या फ्रीजरचा भरवसा नको, बहुतेकांत तेवढं तापमान टिकत नाही. फाटलं पान गव्हाच्या खळीने आणि जपानी टिश्यूने जोडायचं. सेलोटेप कधीच नाही, त्याचा डिंक दहा वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो आणि मग द्रावण वापरूनच निघतो.

सोसायटीत ग्रंथसंवर्धनाची प्रयोगशाळा आहे, आणि 'पुस्तक दत्तक' योजनाही. पैसे देऊन एखाद्या दुर्मीळ ग्रंथाच्या दुरुस्तीचा भार उचलता येतो. ज्यांना पायऱ्यांवर फोटो काढून झाल्यावर काही करावंसं वाटतं त्यांच्यासाठी 😉

---

नवाप्रकाशक

माझ्या पुस्तकाची एक प्रत 'टाऊन हॉलला पाठवावी लागते' असं छापखान्यात सांगितलं. ती एशियाटिकला का? कायदा काय आहे?

---

पानोपानी

एशियाटिकला नाही, सेंट्रल लायब्ररीला. इमारत एकच, संस्था वेगळ्या, त्यामुळे हा घोळ नेहमी होतो. १९५४चा ग्रंथ प्रदान कायदा: प्रसिद्धीपासून ३० दिवसांत प्रकाशकाने स्वखर्चाने एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि प्रत्येकी एक आणखी तीन ग्रंथालयांना द्यायची. ती तीन म्हणजे चेन्नईचं कन्नेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईच्या टाऊन हॉलमधली सेंट्रल लायब्ररी. एकूण चार. राष्ट्रीय ग्रंथालयाची प्रत उत्तम बांधणीची, सगळे नकाशे-चित्रं असलेली हवी. दंड ५० रुपयांपर्यंत अधिक पुस्तकाची किंमत, म्हणजे भीती वाटावी असा नाही. पण पाठवा. शंभर वर्षांनी तुमचं पुस्तक कुणाला हवं असेल तर ते तिथेच सापडण्याची शक्यता जास्त. पाकिटावर 'सेंट्रल लायब्ररी, टाऊन हॉल' असं स्पष्ट लिहा आणि पोचपावती मागून ठेवा.

---

शंकासूर

संशोधनासाठी हस्तलिखित बघायचं असेल तर?

---

कोटाबाहेरचा

संस्कृत-प्राकृत पोथी असेल तर आधी ह. दा. वेलणकरांची वर्णनात्मक सूची बघा आणि तिच्यातला क्रमांक लिहून न्या. 'भाऊ दाजींच्या संग्रहातली अमुक पोथी' एवढ्यावर शोध लागत नाही. लेखी अर्ज, ओळखपत्र, आणि विद्यार्थी असाल तर मार्गदर्शकाचं पत्र. शिसपेन न्या, शाईचं पेन पोथीपाशी चालत नाही. जुनी मराठी पुस्तकं, वृत्तपत्रं, नकाशे यांपैकी बरंच 'ग्रंथसंजीवनी' या त्यांच्या डिजिटल संग्रहात आलंय, आधी तिथे शोधा. तिथे मराठी शब्द देऊन शोधताना ऱ्हस्व-दीर्घ बदलून आणि रोमन लिपीतही बघा, कारण जुन्या नोंदी इंग्रजी स्पेलिंगने केलेल्या आहेत.

---

बालमोहिनी

आईला घेऊन जायचंय, गुडघे दुखतात. आणि फोटोसाठी वेळ कोणती?

---

कोटाबाहेरचा

पायऱ्या ३० आहेत आणि उंच आहेत, मध्ये बसायला सोय नाही. निघण्याआधी फोन करून तळमजल्यातून वर जायची काही सोय मिळेल का ते विचारा, तिथे पोचून विचारण्यात अर्थ नाही. सोसायटीच्या सुट्ट्यांचे दिवसही त्याच फोनवर विचारून घ्या. वर गेलात तर दरबार हॉल आणि वाचनालय, दोन्हीकडे आवाज कमी. आत फोटोला परवानगी लागते.

दर्शनी बाजू पश्चिमेला असल्याने सकाळी खांब सावलीत असतात. दुपारी चारनंतर ऊन तिरकं येतं आणि खोबणी उठून दिसतात. रविवारी सकाळी रस्ता मोकळा असतो पण उजेड मागून येतो. फ्रेममध्ये गाड्या नको असतील तर बागेच्या फाटकापाशी उभे राहा.

यायला मेट्रो ३चं हुतात्मा चौक स्थानक, तिथून वीर नरिमन रोडने सरळ पूर्वेला. बागेतूनच या, आईंना बाकावर बसवता येईल आणि आठही खांब समोर दिसतील.